पोट भरल्याचा निरोप

मास्तरांनी तिच्या कमरेभोवती टेप फिरवली, दोन्ही टोकं पुढे आणली, आणि ती जिथे भेटायची तिथे भेटली नाहीत. झालं ते एवढंच. कोणी ओरडलं नाही, काही पडलं-फुटलं नाही. मास्तर म्हणाले, "श्वास सोडा." तिने सोडला. "पुरता सोडा की हो, राखून कशाला ठेवलाय?" तिने पुरता सोडला. मास्तरांनी टेप जरा ओढली, सैल केली, चष्मा कपाळावर सारला आणि डोळ्यांजवळ नेऊन टेपच तपासली. खोट असलीच तर ती टेपमध्ये असणार, अशी त्यांची खात्री होती. टेप बिचारी सरळ निघाली. मग मास्तर स्टुलावर बसले. त्या खोलीत बसायला स्टूल एकच होतं आणि ते तिचं होतं, पण हे त्या क्षणी दोघांच्याही लक्षात आलं नाही.

कोटांच्या त्या कारखान्यात तिचं काम म्हणजे उभं राहणं. ऐकायला सोपं वाटतं, कोणी करून बघावं! मास्तर नवा कोट बेतायचे, पहिला कोट कच्च्या टाक्यांनी शिवून तिच्या अंगावर चढवायचे, आणि तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरायचे. हात वर करा, बसा, वाका, बस पकडल्यासारखं करा. कोट तिला बसला की तो मिडियम. तिच्या मापावरून जाड पुठ्ठ्याचे फर्मे कापायचे, आणि लहान-मोठी बाकीची मापं त्या फर्म्यांवरून नुसत्या गणिताने काढायची. शहरातली निम्मीअधिक दुकानं तिच्या अंगाचे कोट विकत होती आणि तिला कोणी ओळखत नव्हतं. कारखान्यात तिचं नाव कोणी घेत नसे, सगळे तिला मिडियमबाई म्हणत. सुरुवातीला तिला ते कसंसंच वाटलं होतं. नंतर आवडायला लागलं, आणि आवडतंय हे तिने कोणाला सांगितलं नाही.

त्या दिवशी सकाळी कोट परत आले होते. गठ्ठेच्या गठ्ठे, बाटलीच्या रंगाचे हिरवे. दुकानदारांचं म्हणणं एकच: मिडियम म्हणून पाठवलेत, घालणाऱ्या बाईबरोबर तिची बहीणही आत मावेल. मालकीणबाईंनी फर्मे तपासले, शिवणी तपासल्या, कापड धुऊन पाहिलं. सगळं जागच्या जागी. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यात स्टुलावर पाणी पीत बसलेल्या मिडियमबाईकडे गेलं. त्या नुसत्या म्हणाल्या, "मास्तर, यांना शेवटचं कधी मोजलंत?"

मास्तरांनी तिला मोजणं कधीच सोडून दिलं होतं. आधी दर महिन्याला मोजायचे. पण ही बाई वर्षानुवर्षं तसूभर हलली नाही, तेव्हा ते म्हणू लागले, हिला काय मोजायचं, हीच माझी टेप. आणि मग झालं असं, की एखादा कोट तिला काखेत जरा ओढायचा. मास्तर म्हणायचे, कापड आटलंय, आणि फर्मा केसभर वाढवायचे. पुढच्या मोसमात कमरेला बटण ताणायचं. मास्तर म्हणायचे, हल्लीच्या पोरी शिवणीत जास्त घेतात, आणि पुन्हा केसभर. ती पुढे, फर्मा मागे. असं करत करत अख्खा कारखाना तिच्या मागोमाग हळूहळू रुंद होत गेला, आणि पत्ता ना तिला, ना मास्तरांना. दुसरं कोणी मास्तरांच्या जागी असतं तर चूक तिच्यावर ढकलून मोकळं झालं असतं. मास्तर स्टुलावर बसून तिच्याचकडे बघत म्हणाले, "अहो, मला तुम्ही कधी जाड दिसलाच नाहीत."

मालकीणबाई तशा वाईट नव्हत्या. म्हणाल्या, पुढच्या मोसमाचे कोट बेतायच्या आधी मापात या, नाहीतर मला दुसरी कोणी बघावी लागेल, वाईट वाटून घेऊ नका. आणि एकदा डॉक्टरांना दाखवा. तिने मान हलवली आणि पडद्यामागे गेली. तिथे तिच्या रोजच्या पाहण्यातला आरसा होता. रोज त्यात ती कोट बघायची. आज कोट नव्हता. खांद्यांपासून खाली येणारी एक गोल, मऊ उतरण तिला दिसली, कमरेशी थबकलेली, पोटाशी सैलावलेली. ही उतरण तिच्या चांगल्या ओळखीची होती. लहानपणी तिथेच डोकं ठेवून ती झोपायची. आरशात आई उभी होती. तिला धक्का बसायला हवा होता, आणि बसलाही, नाही असं नाही. पण त्या धक्क्याच्या आत दुसरंच काहीतरी हललं. डोळे भरून आले. अगं बाई, किती दिवसांनी दिसलीस, असं ती जवळजवळ मोठ्याने म्हणाली.

आईकडे जाऊन तिला किती दिवस झाले होते ते ती मोजत नसे. भांडण काही झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. आई शहराच्या दुसऱ्या टोकाला, चपला-बुटांच्या एका दुकानावरच्या दोन खोल्यांत मावशीबरोबर राहायची. सुरुवातीला ही दर आठवड्याला जायची. पण आईच्या घरी जाणं म्हणजे आईच्या टेबलाशी बसणं, आणि आईच्या टेबलाशी बसणं म्हणजे खाणं. भाताच्या वाफेचा ढग, वितळत चाललेलं लोणी, उकडलेल्या बटाट्यांची फुटलेली सालं, आणि "एवढंसंच घे" म्हणून ताटात पडणारा तो डाव. ती उभ्यानेच बोलायला लागली. घाईत आहे, बस चुकेल. एकदा आईने ताट वाढूनच ठेवलं, तर ही म्हणाली, "नको गं, मला मोजतात." आई ताटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पोटच्या पोरीला चार घास घालायचे तर आता तुझ्या मास्तरांची परवानगी काढायची का?" म्हणाली हसतच. पण त्यानंतर आई "जेवून जा" कधी म्हणाली नाही. आणि जिथे जेवून जा म्हणत नाहीत तिथे माणूस किती वेळा जाणार? आठवड्याचा महिना झाला, महिन्याचा फोन झाला, आणि फोनही आखूड होत गेला. कशी आहेस. बरी आहे. साखर? आहे की डब्यात. बरं ठेवते.

संध्याकाळी आपल्या एकटीच्या खोलीत तिने रोजच्यासारखं मोजून जेवण केलं. सूप, पावाचा एक तुकडा, एक अंडं. जेवली, ताटली धुतली, पुसून ठेवली आणि खिडकीशी उभी राहिली. भूक तिथेच होती. ही भूक अलीकडचीच. म्हणजे आधीही असणार, पण तेव्हा ती दार वाजवून निघून जायची, आता घरात येऊन बसू लागली होती. जेवणाआधीची भूक कोणालाही समजते. पण जेवणानंतरच्या भुकेचं काय करायचं? तिला वाटे, आपलं मनच हावरं आहे. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी तिला खायला काही नकोच असायचं. आई हवी असायची. आईच्या स्वयंपाकघरातला तो पिवळा दिवा, ओल्या फडक्याचा वास, टेबलाच्या कडेला कोपर टेकून बसलेलं आईचं ते भलंमोठं, ऊबदार अंग. आईची आठवण लोकांना म्हणे मनात येते. तिला ती बरगड्यांच्या खाली यायची, अगदी भुकेच्याच जागी, आणि दोन्हींतलं कुठलं कोणतं हे तिला ओळखता यायचं नाही. ती पाणी प्यायली. तहानही हल्ली अशीच जाता जात नव्हती.

लहानपणी घरातले सगळे जेवून उठायचे आणि आई तशीच बसून राहायची. ताट रिकामं, दोन्ही तळवे ताटाच्या काठांवर, नजर समोरच्या भिंतीवर. वडील हात पुसत म्हणायचे, "काय, ताटाची राखण चाललीय वाटतं?" मावशी, जी तेव्हाही त्यांच्याकडेच असायची, नाक मुरडायची. मावशी म्हणजे आईची सख्खी पाठची बहीण, एका भांड्यातलं जेवून वाढलेली, पण अंगाने वाळकी शेंग. दुप्पट खायची आणि तशीच राहायची. वर म्हणायची, "माझा माझ्या जिभेवर ताबा आहे बाई." आईला सगळेच बोलायचे. जिन्यात धाप लागली की शेजारीण बोलायची, कपड्यांच्या दुकानात दुकानदार बोलायचा, दवाखान्यात तर वजनकाट्यावरची नर्ससुद्धा. आई सगळ्यांबरोबर हसायची. पोरगी मात्र कोपऱ्यातून ते बघायची आणि ठरवायची, आपण असं व्हायचं नाही. ती मुळात होतीच किडकिडीत. आई तिला काडी म्हणायची. "काडे, इकडे ये, तुला फुंकर मारते." आणि काडी आईच्या पोटात तोंड खुपसून खिदळायची, आणि मनात तेच ठरवत असायची.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना कारखान्यातल्या मापाच्या खोलीपेक्षाही लहान निघाला. भिंतीवर पोटातल्या अवयवांचं रंगीत चित्र होतं, त्यात स्वादुपिंड एखाद्या कोपऱ्यात विसरलेल्या हातमोज्यासारखं पडलं होतं. रक्ताचा अहवाल बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साखर आहे. बरेच दिवस असावी." आणि मग, "घरात कोणाला?" तिने सांगितलं, आईला. आजीलाही असणार, शेवटी तिला दिसत नव्हतं. "आईला कितव्या वर्षी लागली?" तिला माहीत नव्हतं. "तेव्हा वजन किती होतं? आता किती आहे? डोळे, पाय, मूत्रपिंड?" तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. आईच्या हाताची ऊब तिला आठवत होती, चालण्याचा आवाज आठवत होता, पण त्या कागदावर भरण्यासारखं एकही उत्तर तिच्याकडे नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "विचारून या," त्या म्हणाल्या.

तिने धीर करून विचारलं, "मी फार खाते म्हणून झालं का हो हे?" डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "खाण्याचा संबंध आहेच, नाही कसा? चालण्याचा आहे, झोपेचा आहे. पण सगळ्यांचं अंग एकसारखं नसतं. आईबापांकडून आपल्याला जे मिळतं ना, त्यात शेकडो ठिकाणी बारीक बारीक फरक असतात. एकटा कुठलाच फरक फार काही करत नाही. एखादा जरासा इकडे ढकलतो, एखादा जरासा तिकडे. पण बरेचसे एकाच बाजूने ढकलणारे वाट्याला आले, की माणूस कलतं. कोणाच्या स्वादुपिंडाला जेवण आलेलं कळूनही इन्सुलिन सोडायला उशीर होतो, किंवा ते पुरत नाही. आणि कोणाचं पोट भरतं, पण भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायला उशीर होतो. आला तरी अशक्त आवाजात येतो. शेजारचा माणूस कधीच हात धुऊन उठलेला असतो, आणि हे आपलं बसलंय, मला अजून भूक कशी म्हणून."

तिच्या डोळ्यांसमोर एक रिकामं ताट आलं होतं आणि त्याच्या काठांवरचे दोन तळवे. "पण माझी मावशी," ती म्हणाली, "एकाच आईच्या पोटची, एका भांड्यातलं खाल्लेली." "पत्ते पिसून वाटतात ना, तसंच ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जोड एकच, पण हातात आलेले पत्ते वेगळे. तुमच्या मावशीचा जिभेवर ताबा आहे असं त्यांना वाटत असेल. असेलही. पण त्यांना तो फारसा ठेवावाच लागला नसेल." आणि मग गोळ्या लिहून देता देता म्हणाल्या, "कल आहे म्हणजे पडलंच पाहिजे असं नाही. चालायचं, हळू जेवायचं, आणि जेवून झालं की लगेच दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही. थोडं थांबायचं. निरोप येतो. उशिरा का होईना, येतो." ती रस्त्यावर आली तेव्हा ऊन होतं, माणसं आपापल्या कामाला चालली होती, आणि ती प्रत्येकाच्या कमरेकडे बघत होती. जन्मभर तिने अंगाकडे एकतर शाबासकी म्हणून पाहिलं होतं, नाहीतर शिक्षा म्हणून. पत्ते म्हणून कधी पाहिलं नव्हतं. आईला सगळ्यांनी बोलून घेतलं, ते मग कशाबद्दल? तिला एकदम राग आला, त्या दुकानदाराचा, नर्सचा, मावशीचा, आणि कोपऱ्यात उभं राहून ठरवणाऱ्या त्या किडकिडीत पोरीचाही. आणि रागाच्या मागोमाग ती नेहमीची ओढ आली, बरगड्यांच्या खालची. तिला आईकडे जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, जाऊन जेवायचं होतं. आई जेव म्हणेल का, एवढाच प्रश्न होता.

कारखान्यात परत आलेल्या कोटांचा ढीग तसाच पडला होता. मास्तर त्यातला एकेक उलटा करून बघत होते. ती म्हणाली, मास्तर, यातला एक मी घेऊ का, आईला. मास्तरांनी शोधून एक काढला, बटणं ओढून पाहिली, बाहीवरचा दोरा दातांनी तोडला. घडी घालता घालता म्हणाले, "मी काल विचार करत होतो. मोठ्या मापांचे कोट आपण आजवर कोणाच्या अंगावर लावून पाहिलेलेच नाहीत. नुसतं गणित. मिडियमला चारी बाजूंनी फुगवलं की झालं मोठं! अहो, माणूस काय फुगा आहे? मालकीणबाईंना म्हणून बघतो, एखादी मोठ्या मापाची बाई हवी उभी राहायला. ऐकतीलच असं नाही." ती म्हणाली, "बघा." नोकरीचं ओझं मनावर होतंच, ते कुठे गेलं नव्हतं, पण त्या घटकेला तिचं सगळं लक्ष कोटात होतं. आईसाठी कोट नेण्याची तिची ही दुसरी खेप. पहिल्या पगारात तिने आईला याच हिरव्या रंगाचा कोट नेला होता, तिच्या स्वतःच्या अंगावर बेतलेला, अगदी नेमका मिडियम. तो आईच्या खांद्यांवर कसाबसा चढला आणि पोटाशी येऊन अडला. बटण आणि काज एकमेकांकडे लांबून बघत राहिले. आई हसून हसून बेजार झाली होती. "तुझ्या मापाचा आणलास होय गं! असू दे, बसेल एक दिवस." आणि तो तिने दारामागच्या खुंटीला अडकवला होता. आता हा बसेल, असं तिला वाटत होतं. आई आत मावेल. माझी चूक होऊन का होईना, जगात एक मिडियम असा झाला ज्यात आई मावेल.

बसमध्ये पुडकं मांडीवर घेऊन ती बसली होती आणि बोलायचं काय ते जुळवत होती. आई, तुला साखर कधी लागली? हे आधी विचारायचं, म्हणजे कामासाठी आले असं होईल. मग कोट द्यायचा. मग ती जेव म्हणाली तर हो म्हणायचं. आणि नाही म्हणाली तर? बाहेर तिन्हीसांज होत होती. रस्त्यालगतच्या घरांत दिवे लागत होते, कोणाकोणाच्या स्वयंपाकघरात बायका पाठमोऱ्या उभ्या होत्या. प्रत्येक खिडकीतल्या पाठीत तिला ती एकच गोल उतरण शोधावीशी वाटत होती.

चपला-बुटांचं दुकान बंद होत होतं. जिन्यात चामड्याचा आणि खळीचा तोच वास. ती वर चढली, दार वाजवलं. आतून सरपटत्या सपातांचा आवाज आला. पण तो हलका होता, आईचा नव्हे. मावशी असावी. दार उघडलं, आणि दारात एक लहानशी, सुकलेली बाई उभी होती. अंगात हिरवा कोट, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. कोट खांद्यावर नीट, कमरेला नीट, एक चुणी नाही. मास्तरांनी बघितला असता तर म्हणाले असते, वा, काय बसलाय!

"कोण आहे?" ती बाई म्हणाली, आणि आवाज आईचा होता.

आईने मान जरा तिरकी केली, डोळे बारीक केले. त्या डोळ्यांना समोरचं माणूस ढगासारखं दिसत असावं. आतून मावशीचा आवाज आला, "कोण गं?" आणि आईने हात पुढे केला. आधी तो दंडावर पडला, मग खांद्यावर, मग गालाला लागला, ओला लागला म्हणून थबकला, आणि सरळ खाली कमरेवर आला. दुसराही हात आला. त्या दोन तळव्यांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं, चाचपलं, मास्तर टेपने करायचे त्याहून सावकाश. आईच्या तोंडावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं. "अगं बाई," आई म्हणाली, "ही तर मीच आले की! काडे, तुझा ओंडका झाला गं!" आणि दोघी दारातच हसत सुटल्या, हसता हसता रडल्या, आणि मावशी आतून येऊन "दार लावा, गार वारा येतोय" म्हणाली तेव्हा तिच्याकडे दोघींनीही लक्ष दिलं नाही.

साखरेने आई वाळली होती. गेल्या दोन वर्षांत औषधं बदलली, दवाखाने झाले, आणि अंग असं उतरत गेलं की मावशीच घाबरली. "मग कळवायचं नाही का?" ती म्हणाली. "काय कळवायचं?" आई म्हणाली. "बारीक झाले म्हणून? जन्मभर सगळे बारीक हो म्हणत होते. झाले. आता म्हणतात, खा काहीतरी." तिने पुडकं सोडलं. आईने नव्या कोटावर हात फिरवला, शिवणीवरून बोटं नेली आणि म्हणाली, "हा माझा नाही. हा घाल बघू तू." तिने घातला. आईने चाचपडत वरपासून खालपर्यंत एकेक बटण लावलं. सगळी लागली. तिने आईला कारखान्यातली सगळी गंमत सांगितली, कापड आटल्याची, फर्मे वाढल्याची, मोठ्या मापांचं नुसतं गणित असतं ती. आई म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी गणित घालत होते होय! तरीच काखेत काचायचं." मग तिने आपल्याही साखरेचं सांगितलं. आईचा हात बटणावर थांबला. "तुलाही?" आई म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "माझ्याकडूनच गं आली. द्यायला दुसरं काही नव्हतं का माझ्याकडे?" तिला डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगायचं होतं, पत्त्यांचं, कलण्याचं, कोणाचीच चूक नसल्याचं. पण जमलं नाही. ती एवढंच म्हणाली, "आई, मला भूक लागलीय." आई वळून, भिंतीला हात लावत, स्वयंपाकघराकडे निघाली. "मावशीला म्हणावं तिसरं ताट काढ. ही जेवून जाणार आहे."

जेवण साधंच होतं. मटार, बटाटे, पाव, आणि भाताचा जेमतेम एक डाव, आईने अंदाजानेच वाढलेला. तिघी जेवल्या. मावशीने दोनदा घेतलं, बोटं चाटली आणि उठली. ही जेवली, ताट रिकामं झालं, आणि ती भूक आली, रोजची, जेवणानंतरची. तिचा हात भातापाशी गेला आणि अर्ध्यावर राहिला. समोर आई बसली होती, कोट घातलेलाच, दोन्ही तळवे ताटाच्या काठांवर, नजर भिंतीवर. तिने विचारलं, "आई, तू अशी का बसायचीस गं? आम्हाला वाटायचं, तुला अजून हवंय."

"हवंच असायचं की," आई म्हणाली. "पण मला ठाऊक होतं, मागाहून भरतं. तुमचं लवकर भरायचं, माझं मागाहून. म्हणून हात असे ठेवायचे, डावाकडे जाऊ नयेत म्हणून. कधी यायचं भरत, कधी नाही यायचं. तोवर तुम्ही सगळे उठून गेलेले असायचात. एकटीने बसवायचं नाही गं. एकटीने बसलं की हात जायचाच."

तिने आपले दोन्ही तळवे ताटाच्या काठांवर ठेवले. ताट अजून कोमट होतं. पिवळ्या दिव्याखाली दोघींचे हिरवे कोट एकाच ताग्यातले दिसत होते. खालच्या दुकानाचं फळीदार दार ओढल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. मावशी नळाशी भांडी घासत होती. तिने मान वळवून विचारलं, "झालं का तुमचं? ताटं द्या इकडे."

"थांब गं," आई म्हणाली. "आमचं अजून व्हायचंय."

मावशीने नळ सोडला. पुन्हा काही वेळ गेला. आईने टेबलावरून हात सरकवत नेला, लेकीच्या मनगटापर्यंत, आणि तिथेच ठेवला.

"आलं भरत?" आईने हळूच विचारलं.

"नाही अजून."

"बस मग," आई म्हणाली. "मी आहे."